हमालाचं कार्य शून्य कसं?

"सर, म्हणजे माझे बाबा दिवसभर शून्य काम करून राहिले का?"

नववीच्या शिकवणीत 'कार्य आणि ऊर्जा' चालू असताना एका मुलाने हे विचारलं. फळ्यावर नेहमीचं गणित होतं: डोक्यावर 50 किलोचा कट्टा, म्हणजे पोतं, घेऊन हमाल सपाट रस्त्याने 20 मीटर चालतो, तर त्याने गुरुत्वबलाविरुद्ध किती कार्य केलं? उत्तर शून्य. मुलाचे वडील नागपूरच्या कळमना बाजारात हमाली करतात. "भौतिकशास्त्रात शब्दाचा अर्थ वेगळा असतो," एवढं सांगून त्या दिवशी मी पुढे गेलो. त्याला त्याहून बरं उत्तर मिळायला हवं होतं.

कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे सगळ्यांना पाठ असतं. विस्थापन बलाच्या दिशेने मोजायचं, हे मात्र निसटतं. हमाल कट्ट्याला वर तोलतो आणि कट्टा जातो पुढे. वर किती गेला? अजिबात नाही. हे शून्य कट्ट्याच्या खात्यातलं आहे, कारण त्याला नवी ऊर्जा मिळालीच नाही. हमालाच्या शरीराचं खातं वेगळं, आणि तिथे खर्च सतत चालू असतो.

तो खर्च कुठे होतो ते बघायचं असेल, तर पाण्याने भरलेली बादली हात आडवा ताणून धरा. बादली हलत नाही, कार्य शून्य. तरी थोड्याच वेळात खांदा भरून येतो आणि हात थरथरू लागतो. तीच बादली भिंतीतल्या खिळ्याला टांगली तर खिळा वर्षभर धरून ठेवील, त्याला जेवू घालावं लागत नाही.

स्नायूच्या तंतूत ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक आणि मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाचे जाडसर धागे एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनला असंख्य सूक्ष्म डोकी असतात. डोकं ॲक्टिनला पकडतं, मिलिमीटरच्या साधारण एक लाखाव्या भागाइतकं ओढतं, सुटतं, पुन्हा पकडतं. दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्ची पडतो. बादली स्थिर दिसत असतानाही आत ही पकडासोड अखंड चालू असते. भर प्रवाहात नाव एका जागी ठेवायला वल्हं मारत राहावं लागतं, तसंच हे. मज्जातंतूंचे संदेशही ठोक्याठोक्याने येतात. दमलेल्या तंतूंना साथ द्यायला दुसरे तंतू जोडले जातात, आणि हा ताळमेळ बिघडला की थरथर डोळ्यांना दिसते. खर्चलेली ऊर्जा शेवटी उष्णता होते, म्हणून नुसतं ओझं धरून उभं राहिलं तरी घाम फुटतो.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे मायोसिनच्या डोक्याला पकड सोडवायला एटीपी लागतं. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरतं ते यामुळेच. एटीपी संपतं आणि डोकी पकडलेल्या जागीच अडकून राहतात. तो स्नायू आता खिळ्यासारखा झालेला असतो, फुकटात धरून ठेवणारा. जिवंत स्नायूला ही चैन परवडत नाही, कारण पुढच्या क्षणी हलायचं तर सुटावं लागतं.

मुरलेला हमाल हातांवर ओझं पेलत नाही, डोक्यावर नाहीतर पाठीवर घेतो. भार हाडांवर गेला की स्नायूंचा खर्च घटतो. तरी चालताना शरीर पावलागणिक थोडं वर-खाली होतंच. वर जाताना स्नायूंनी केलेलं कार्य खाली येताना पूर्ण वसूल होत नाही.

आता तोच कट्टा ट्रकमध्ये चढवू. उंची 1.2 मीटर धरली तर कार्य 50 × 9.8 × 1.2, म्हणजे 588 ज्यूल. असे 200 कट्टे चढवले की 1,17,600 ज्यूल. विजेचं एक युनिट 36 लाख ज्यूलचं असतं, म्हणजे ही सगळी मेहनत एका युनिटच्या तिसाव्या हिश्शाइतकीही भरत नाही. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी दोनदा तपासला. पण हेही कट्ट्याचंच खातं. दर खेपेला वाकलेलं स्वतःचं अंग उचलावं लागतं ते यात नाही, आणि स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच कार्यात उतरवतात.

शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. तोच कट्टा 2 सेकंदांत चढवला तर 294 वॅट, 4 सेकंदांत चढवला तर 147 वॅट. कार्य दोन्ही वेळा 588 ज्यूलच. जेम्स वॉटने घोड्यांवरून बसवलेली अश्वशक्ती, म्हणजे मोटरवरचा एचपी, 746 वॅटचा. आपल्या कोराडीच्या वीज केंद्रातला 660 मेगावॅटचा एक संच त्या 200 कट्ट्यांइतकी ऊर्जा सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाहून कमी वेळात देतो.

बेरीज-गुणाकाराएवढ्या या हिशोबाने मोबाइलवर फिरणारे 'फुकट विजे'चे व्हिडिओही तपासता येतात. पंपाने पाणी टाकीत चढवायचं, त्या पाण्याने जनित्र फिरवायचं आणि जनित्रावर पंप! 1000 लिटर पाणी 10 मीटर चढवलं तर ते खाली येताना जास्तीत जास्त 98,000 ज्यूल देईल. पंपाला मात्र त्याहून जास्त लागलेले असतात, कारण घर्षण आणि तापलेली मोटर आपापला वाटा घेतातच. असं यंत्र विकायला येणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

पुढच्या तासाला मी हे सगळं त्या मुलाला समजावलं. मग वर्गातल्या प्रत्येकाने जिना चढून स्वतःची शक्ती मोजली. 15 सेंटिमीटरच्या 66 पायऱ्या, म्हणजे 9.9 मीटर. तो 45 किलोचा, 18 सेकंदांत वर पोचला: साधारण 243 वॅट. वहीत त्याने स्वतःच्या आकड्याखाली वडिलांचे 294 वॅट लिहिले, आणि पुढे कंसात 'फक्त कट्ट्याचे'.