तारण (ख्रिस्ती संकल्पना)

तारण म्हणजे पापापासून आणि पापामुळे ओढवणाऱ्या मरणापासून माणसाची सुटका. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ती देवाने येशू ख्रिस्ताच्या द्वारे केली. ‘येशू’ या हिब्रू नावाचा अर्थच ‘याहवे (हिब्रू भाषेतील देवाचे नाव) तारतो’ असा होतो. मोक्ष हा शब्द याच्या जवळचा वाटला, तरी दोन्ही कल्पना वेगळ्या आहेत. येथे जन्ममरणाचा फेरा नाही आणि देवात विलीन होणेही नाही. तुटलेले नाते सांधले जाते आणि माणूस माणूसच राहून देवाच्या सहवासात जगतो.

श्रद्धा नसलेल्याची पहिली हरकत ‘पापी’ या शब्दाला असते. चोरी केली नाही, कोणाचा जीव घेतला नाही, मग पापी कसा? नव्या करारातील (बायबलच्या ख्रिस्तोत्तर भागातील) ‘हमार्तिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. दुष्कृत्यांच्या यादीपेक्षा हा अर्थ खोल जातो. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही, नको तेच घडते, अशी कबुली आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात दिली आहे. देव न मानणाऱ्यालाही ती ओळखीची वाटेल. पापाचे मूळ देवाकडे पाठ फिरवण्यात आहे आणि कृत्ये ही त्याची फळे, अशी ही मांडणी आहे. त्याच पत्रातले ‘पापाचे वेतन मरण आहे’ हे वाक्य धमकीसारखे वाचले जाते. पण जीवनाच्या उगमापासून दुरावल्यावर दुसरे काय हाती लागणार, हा त्यामागचा विचार आहे.

तारण समजावताना अनेक उपदेशक न्यायालयाचे रूपक घेतात. त्यापेक्षा लूककृत शुभवर्तमानाच्या (येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथाच्या) १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट अधिक सांगून जाते. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटा मागतो, दूरदेशी तो उडवतो आणि शेवटी डुकरे राखतो. घरी परतताना ‘मला मुलगा म्हणू नका, चाकर म्हणून ठेवा’ असे बोलायचे तो ठरवतो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि चाकरीची विनंती ओठांवर येण्याआधीच अंगरखा आणवतो. चाकरीने मिळवायचे काही उरतच नाही. ख्रिस्ती परिभाषेत यालाच ‘कृपा’ म्हणतात. मुलाचे माघारी वळणे म्हणजे पश्चात्ताप. त्यासाठीचा ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणे. नुसती हळहळ नव्हे. थोरला भाऊ मात्र रागाने बाहेरच उभा राहतो. तो आत जातो की नाही, हे गोष्ट सांगत नाही.

या गोष्टीत बाप किंमत मागत नाही, मग येशूचे वधस्तंभावरील (क्रूसावरील) मरण कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि ख्रिस्ती परंपरेतही त्याचे एकच उत्तर नाही. मार्ककृत शुभवर्तमानात येशू आपला प्राण ‘खंडणी’ म्हणून देण्याची भाषा करतो, म्हणून आरंभीच्या अनेक लेखकांनी पाप आणि मरण यांच्या तावडीतून केलेली सोडवणूक असा अर्थ लावला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने त्या मरणाचा अर्थ देवाच्या भंगलेल्या सन्मानाच्या भरपाईशी जोडला. त्याच्यामागून आलेल्या आबेलार या विचारवंताने वधस्तंभावरील प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, यावर भर दिला. शिक्षा ख्रिस्ताने आपल्यावर घेतली ही मांडणी सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेत ठळक झाली. क्रूर देवाने निरपराध्याला मारले, असा तिचा अर्थ काढणे चूक आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्त स्वतः देव आहे, म्हणजे क्षमा करणाराच क्षमेचा भार सोसतो. या सर्व मतांत येशूचे पुनरुत्थान (मरणातून पुन्हा उठणे) अत्यावश्यक आहे. त्यावाचून वधस्तंभ हा केवळ एका सज्जनाचा वध ठरला असता.

तारण विश्वासाने की कृत्यांनी, हा वाद जुना आहे. माणूस स्वबळावर निष्पाप राहू शकतो, असे मानणाऱ्या पेलाजियस या उपदेशकाचे मत बिशप ऑगस्टीनच्या प्रभावाखाली ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने नाकारले. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने ‘केवळ विश्वासाने’ हा आग्रह धरला. त्याला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने (१५४५–६३) विरोध केला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने या प्रश्नावरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देवाकडून माणसाचा स्वीकार कृपेने होतो, सत्कृत्ये त्यातून उमलतात. ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील) चर्च हा वाद त्या चौकटीत मांडत नाही. तेथे तारण म्हणजे आजार बरा होत जाणे आणि देवाच्या जीवनात सहभागी होणे.

ज्याने ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्याचे काय? अनेक इव्हँजेलिकल (बायबल व व्यक्तिगत विश्वासावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळ्या उघड विश्वास आवश्यक मानतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले, की स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमानाला अपरिचित राहिलेला, पण प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेणारा आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागणारा माणूसही तारण पावू शकतो.