सातव्या चहाला कोण उरतं?

मागच्या आठवड्यात आमच्या कट्ट्याच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं: ‘जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा! अहंकारी माणसं एकटी पडतात आणि लवकर मरतात.’ खाली जोडलेले हात, त्याखाली ‘गर्वाचे घर खाली’. पाच मिनिटांत अकरा अंगठे पडले. अकरांतल्या एकानेही मूळ अहवाल उघडला नसणार, यावर मी शेंगाचटणीची पैज लावायला तयार आहे.

अहवाल खरा आहे. ३० जून २०२५ ला आला. जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकाकीपणा छळतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लावता येतो, म्हणजे तासाला शंभराच्या आसपास, असं त्यात म्हटलंय. अहंकारी माणसं मरतात असं मात्र त्यात कुठेही नाही. ते कुणीतरी पदरचं घातलेलं. आणि हे पदरचं घालणं निरुपद्रवी नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळण्यात आयुष्य गेलेली, मुलं पुण्याला नोकरीला गेलेली एखादी आजी संध्याकाळी दारात एकटी बसलेली असते. तिने कुणाला काय तोरा दाखवला होता? एकाकी माणूस दिसला की ‘याचंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणायला आपण टपलेलेच असतो.

उलट बाजूचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. माणूस शिष्ट असेल तर लोक त्याच्यापासून दूर का जातात? आणि मुळात इतक्या उशिरा का जातात? म्हणीत गर्वाचं घर एकदम खाली येतं. प्रत्यक्षात ते आधी चांगलं दोन मजले वर चढतं.

आमच्या कट्ट्यावरच पाहा. सकाळी फिरून झालं की आम्ही सात-आठ जण पार्क चौकातल्या चार पुतळ्यांजवळ एका टपरीवर चहा घेतो. दोन वर्षांपूर्वी तिथे एक निवृत्त अधिकारी यायला लागले. त्यांना इथे साहेब म्हणू. कडक इस्त्रीचा शर्ट, खणखणीत आवाज, किस्से तर असे की दुसरा चहा मागवावा लागायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे त्यांच्याभोवती. ‘लई भारी माणूस गावला बे,’ असं मीच एकाला म्हणाल्याचं आठवतं.

याला मानसशास्त्रात पुरावा आहे. डेलरॉय पॉलस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांचे छोटे गट केले, त्यांच्या सात बैठका घेतल्या आणि एकमेकांबद्दलची मतं नोंदवली. स्वतःला आहे त्यापेक्षा मोठं समजणारे विद्यार्थी पहिल्या बैठकीनंतर इतरांना आवडले होते. हुशार वाटले, मनमिळाऊसुद्धा वाटले. सातव्या बैठकीपर्यंत पारडं फिरलं. तेच लोक आता बढाईखोर आणि चिडके वाटू लागले होते. पुढे २०१० मध्ये जर्मनीत मित्या बाक आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या दिवशीची ओळखपरेड तपासली. आत्ममग्न मुलं पहिल्या नजरेत जास्त आवडतात, कारण कपडे नेटके, चालण्या-बोलण्यात ऐट, विनोद तयार. गंमत म्हणजे त्यांच्या स्वभावातला जो भाग पुढे सगळ्यात जास्त त्रास देतो, ‘मला हे मिळायलाच हवं’ हा, तोच पहिल्या भेटीत सगळ्यात जास्त भाव खाऊन जातो.

पहिल्या आणि सातव्या भेटीच्या मधे घडतं काय? माझं लाडकं प्रकरण हेच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

आपल्याला वाटतं की लोकांना स्वतःची स्तुती खुपते. बेल्जियममधल्या लूवनच्या व्हेरा होरेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की गोष्ट इतकी सरळ नाही. त्यांनी लोकांना दोन तऱ्हेची वाक्यं दिली. एक, ‘मी चांगला मित्र आहे.’ दुसरं, ‘मी इतरांपेक्षा चांगला मित्र आहे.’ पहिलं वाक्य लोक चालवून घेतात. दुसरं बोलणारा नावडता होतो. स्तुती दोन्हींत आहे, मग फरक कशाचा? ‘इतरांपेक्षा’ या एका शब्दाचा. तो कानावर पडला की ऐकणारा क्षणात एक बारीक गणित करतो. हा स्वतःला इतरांपेक्षा वर ठेवतोय. म्हणजे इतर खाली. मी त्या इतरांतलाच. म्हणजे हा मला खाली समजतो. हे गणित कुणी बोटांवर मोजून करत नाही, ते आपोआप होतं आणि उत्तर थेट पोटात जाणवतं. आपल्याला झोंबतो तो त्याच्या मोठेपणाचा दावा नव्हे, त्या दाव्यात न बोलता आलेलं आपलं लहानपण.

आता साहेबांचं बोलणं आठवून पाहिलं तर ते अगदी याच ओळीने जातं. पहिल्या आठवड्यात ते ‘मी अमुक जिल्ह्यात असताना’ असं सांगायचे. त्यात आम्ही कुणी नव्हतो, म्हणून मजा यायची. महिन्याभरात वाक्यांमध्ये आम्ही शिरलो. ‘तुम्ही सोलापूरकर ना, चादर आणि चटणीच्या पलीकडे बघतच नाही.’ आमच्यात एक जण यंत्रमागवाले आहेत, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे माग आहेत. त्यांना एकदा म्हणाले, ‘तुमच्या धंद्यात काय, हात लागतात, डोकं लागत नाही.’ मागवाले हसले. चहा संपवला, ग्लास नेहमीपेक्षा जरा जपून खाली ठेवला आणि ‘चला, कामगार आले असतील’ म्हणून उठले. त्या दिवशी रविवार होता.

मधे ‘राग मानू नका, पण...’ हे होतंच. त्यावरही अभ्यास झालाय. ‘गर्व करतोय असं समजू नका, पण...’ अशी सुरुवात करून मग मोठेपणा सांगणारा माणूस जास्तच गर्विष्ठ वाटतो, असं २००८ मधल्या एका प्रयोगात दिसलं. कारण उघड आहे. ऐकणाऱ्याच्या मनात जो शब्द अजून आलेलाही नसतो, तो बोलणाराच हातात आणून देतो.

मग लोक जायला लागले. आणि कसे गेले, हा या सगळ्याचा दुसरा महत्त्वाचा भाग. एकाचा गुडघा दुखायला लागला. एकाला कंबर तलावाकडची हवा जास्त मानवली. एकाची नात शाळेत सोडायची होती. मी स्वतः ‘डॉक्टरांनी चहा बंद केलाय’ असं सांगितलं, ते धादांत खोटं होतं. ‘साहेब, तुमचं बोलणं लागतं’ असं एकानेही तोंडावर सांगितलं नाही. सांगणार कोण? वयाचा मान, हुद्द्याचा मान, शिवाय सांगितलं तर ऐकून काय घ्यावं लागेल याची धास्ती.

मागवाल्यांनी नंतर यावर एक सुंदर दाखला दिला. चांगल्या मागावर ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एखादा धागा तुटला की पत्र्याची एक बारीक पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. साध्या जुन्या मागावर ही सोय नसते. धागा तुटतो, माग खडखडत पुढे चालतोच, आणि कामगाराचं लक्ष गेलं नाही तर कापडात उभी रेघ पडत जाते, वारच्या वार. ‘ओरडत न्हाई की ओ धागा,’ ते म्हणाले, ‘नुसता सुटतो.’ शिष्ट माणसाच्या भोवतालची माणसं अशीच सुटतात. चूक आणि तिचा परिणाम यांच्यात महिने जातात आणि मधला निरोप कुणी पोचवत नाही. शिकायचं तर चूक कळायला हवी, आणि इथे माणूस जितका दरारा ठेवणारा तितकी ती उशिरा कळणार.

सोलापूरच्या मातीत याची एक जुनी गोष्ट आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर तलाव खोदून घेत होते, देवळं उभारत होते, भोवती हजारोंचा मेळा. शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, परंपरा सांगते की त्यांना त्या कामाचाच अभिमान चढला होता. मग अल्लमप्रभू हे शरण आले आणि तलावावरच्या लोकांना विचारते झाले, कुठे आहे तो तुमचा दगडमाती उपसणारा सिद्धराम? लोकांनी चिडून त्यांच्यावर दगड टाकले. पुढचे चमत्कार मी सोडून देतो. माझ्या कामाचा तपशील एवढाच की हे विचारायला बाहेरचा माणूस यावा लागला, ज्याला सिद्धरामाकडून काहीच नको होतं. आतल्या हजारांत एकाची हिंमत झाली नाही.

आता मेंदूकडे. इथे थोडं जड आहे, दम धरा. शिकागो विद्यापीठाचे जॉन कॅसिओपो यांचं म्हणणं असं होतं की एकाकीपणा हा भुकेसारखा इशारा आहे. पोट रिकामं झालं की अन्न शोधा, माणसं तुटली की माणसं शोधा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी चाळीस जणांना दहा तास एकटं ठेवलं, वेगळ्या एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं, आणि दोन्ही वेळा मेंदूचे स्कॅन घेतले. एकटं राहिल्यावर लोकांच्या गप्पांची चित्रं पाहताना मध्यमेंदूतला सबस्टान्शिया नायग्रा हा भाग चेतला, उपाशी राहिल्यावर अन्नाची चित्रं पाहतानाही तोच. हा डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणाऱ्या यंत्रणेचा भाग, ‘हवंय’ ही ओढ निर्माण करणारा. म्हणून लगेच ‘डोपामिन वाढवा, एकटेपणा पळवा’ म्हणणाऱ्या रीलवाल्यांच्या नादी लागू नका. ओढ कुठे उमटते ते कळलं, ती कशाने भागते ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

पण भुकेहून इथे एक वेगळेपणा आहे आणि तो वाईट आहे. भुकेला माणूस अन्नाला घाबरत नाही. दीर्घकाळ एकाकी असलेला माणूस माणसांना घाबरायला लागतो. कळपाबाहेर पडलेल्या प्राण्याने सावध राहणं शहाणपणाचं, तीच सावधगिरी त्याच्या मेंदूत चालू होते. कुणी उशिरा उत्तर दिलं तर मुद्दाम, कुणी हसलं तर आपल्यालाच. लक्ष सगळं स्वतःकडे वळतं. कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातल्या ५० ते ६८ वयाच्या लोकांचा दहाएक वर्षं पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. या वर्षी जास्त एकाकी असलेला माणूस पुढच्या वर्षी जास्त आत्मकेंद्री होतो. आत्मकेंद्री माणूस पुढे एकाकी होतो, हेही खरं, पण त्या बाजूचा जोर कमी. आत्मकेंद्रीपणा म्हणजे अहंकार नव्हे, तरी शेजारचं घर आहे. फॉरवर्डवाल्याचा बाण एकाच दिशेला होता. आकडे सांगतात की बाण दोन्हीकडे जातो, आणि जास्त जाड बाण उलटा आहे.

हे वाचल्यावर मला साहेब वेगळे दिसू लागले. ते सोलापुरात आले तेव्हाच नुकतेच निवृत्त झाले होते. ज्या गावात बदली व्हायची तिथे दारात गाडी आणि समोर माणसं उभी, आणि एका एकतीस तारखेला दोन्ही गेली. शिष्टपणा आधी होता की रिकामी सकाळ आधी होती, ते मी कसं ठरवू?

आमच्याच ग्रुपवरच्या एका ज्योतिषप्रेमी मित्राने ते लगेच ठरवलं. साहेबांच्या पत्रिकेत लग्नी रवी असणार, माणिक घातला की शांत होतील, असं त्याचं म्हणणं. पत्रिका त्याने पाहिलेलीसुद्धा नव्हती. खड्याची किंमत ऐकून मी हिशेब केला, तेवढ्यात आख्ख्या कट्ट्याचा वर्षभराचा चहा सुटतो.

काल सकाळी चार पुतळ्यांवरून जात होतो. साहेब टपरीवर एकटेच होते, इस्त्री तशीच कडक. पूर्वी आम्हाला पाहून न विचारता आठ ग्लास मांडणाऱ्या पोऱ्याने एकच ग्लास पुढे केला. साहेबांनी मला पाहिलं आणि हात वर केला. ‘काय हो, दिसत नाही आजकाल? या, बसा.’ आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, की मला तसं वाटलं कुणास ठाऊक. मला थांबायचं होतं. पण मी चहा सोडल्याचं त्यांना स्वतःच सांगून बसलो होतो.

‘दूध चालतं ना?’ त्यांनी विचारलं.

पोऱ्या माझ्याकडे बघत होता.