ऑरेंज रफी: वय कळलं, पण फार उशिरा

ऑरेंज रफी किती पकडावा, मुळात पकडावाच का, यावर आजही वाद होतात. त्या वादांच्या मुळाशी एक चूक आहे: या माशाचं वय कळण्याआधीच त्याची मोठ्या प्रमाणावर मासेमारी सुरू झाली.

शास्त्राला तो तसा जुनाच ठाऊक होता. मोनॅकोचे राजे आल्बेर पहिले यांच्या 'इरोंदेल' या नौकेच्या मोहिमांमध्ये अझोर्स बेटांजवळ मिळालेल्या नमुन्यावरून नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कोलेट यांनी 1889 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि 'होप्लोस्टेथस अटलांटिकस' हे नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं त्याच्या वाटेला कुणी फारसं गेलं नाही. जाणार तरी कसं? तो राहतो मुख्यतः 700 ते 1500 मीटर खोलीवर, अंधाऱ्या आणि थंडगार पाण्यात. त्याचा विटकरी लाल रंग तिथे दिसतच नाही, कारण लाल प्रकाश एवढ्या खोलवर पोचत नाही. त्या अंधारात तो काळाच. मेल्यावर रंग फिका पडून नारिंगी होतो. आपण त्याला ज्या रंगाच्या नावाने ओळखतो, तो त्याचा मेल्यानंतरचा रंग आहे.

पाण्याखालच्या डोंगरांभोवती हे मासे दाटीने जमतात. प्रवाह डोंगरावर आदळतात आणि कोळंबीसारखे जीव, माकूळ, लहान मासे असं खाद्य आयतं समोर येतं. अंडी घालायलाही थवेच्या थवे त्याच ठिकाणी येतात. हीच सवय पुढे त्यांच्या मुळावर आली.

1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या पूर्वेला चॅटम राइझ या समुद्रतळावरच्या उंचवट्यावर ट्रॉलर, म्हणजे मोठी जाळी ओढणाऱ्या बोटी, पोचले. 1989 मध्ये टास्मानियाजवळच्या सेंट हेलेन्स या समुद्री डोंगरावर अंडी घालायला जमलेले प्रचंड थवे सापडले. एका ओढीत टनावारी मासे येत. पांढरं, सौम्य चवीचं मांस परदेशी बाजारात हातोहात खपू लागलं. हा मासा साधारण इतर खाद्य माशांसारखाच, वीस-तीस वर्षं जगत असावा, अशी तेव्हा समजूत होती. तेवढ्यावर पकडीची मर्यादा आखली, तर ती हमखास चुकणार.

वयाचा हिशेब माशाच्या कानातल्या चुन्याच्या खड्यात असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वलयं पडतात. पण या माशाची वाढ पुढे इतकी मंदावते की बाहेरची वलयं एकमेकांना चिकटून बसतात आणि वरवर पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. खड्यात मुरलेल्या रेडियमचं हळूहळू शिसं होत जातं. त्या दोघांचं प्रमाण मोजून 1991 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की मोठे मासे 77 ते 149 वर्षांचे आहेत आणि प्रजननक्षम व्हायलाच त्यांना तीसेक वर्षं लागतात. म्हणजे त्या जाळ्यांत आलेले काही मासे कोलेट यांनी या जातीला नाव दिलं त्याच्याही आधी जन्मले होते. मला या साऱ्या इतिहासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी दिसत नाही.

त्यात मादी अंडीही कमीच घालते. कॉड या खाद्य माशाची अंडी लाखांत मोजावी लागतात, हिची हजारांत. आणि सगळ्याच माद्या दरवर्षी अंडी घालतात असंही नाही. त्यामुळे एकदा उपसलेला थवा भरून यायला माणसाची एक पिढीही पुरत नाही.

पुढचं सगळं भराभर घडलं. नामिबियात 1990 च्या दशकात मासेमारी सुरू झाली आणि काही वर्षांतच घसरली. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये या जातीला संरक्षणावर अवलंबून असलेल्या जातींच्या यादीत घातलं. युरोपीय संघाने पकडीची मर्यादा 2010 पासून शून्यावर आणली आणि 2016 च्या नियमांनी ईशान्य अटलांटिकमध्ये 800 मीटरखाली तळ खरवडणारी जाळी ओढायला बंदी घातली. त्याच 2016 मध्ये न्यूझीलंडच्या काही भागांतल्या मासेमारीला मात्र शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली होती. त्या हरकतीत माशांच्या संख्येबरोबर डोंगरांवरच्या प्रवाळांचाही मुद्दा होता. या जाळ्यांखाली मोडणारी ती खोल पाण्यातली प्रवाळंही माशाइतकीच सावकाश वाढतात.