खुलासा: जुन्या गाड्यांचा छंद फक्त पेन्शनरांचा?

जुन्या गाड्या सांभाळणे हा पेन्शनरांचा छंद असून त्यांच्या पश्चात या गाड्या थेट भंगारात जातील, असे रत्नागिरी-मालवणकडे वर्षानुवर्षे ऐकू येते. या समजुतीमागे ‘जुनी गाडी’ म्हणजे एका ठरावीक काळातलीच गाडी, हे गृहीतक आहे आणि तेच चुकीचे आहे. ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना किमान 30 वर्षांच्या, नीट जतन केलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. त्यामुळे 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 च्या सुरुवातीच्या गाड्या वयाच्या या अटीत केव्हाच बसल्या आहेत, आणि त्यांच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून मे महिन्यात आजोळी गेलेली मुले आज जेमतेम पंचेचाळिशीत आहेत. (आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीसाठी मात्र 50 वर्षांची अट आहे.) मेळाव्यांत पांढरे केस अधिक दिसतात, हे खरे; पण या छंदाला पैसा, सवड आणि गाडी झाकून ठेवायला जागा लागते, आणि तिशीत ही तिन्ही क्वचितच एकत्र येतात.

कोकणात गाडीला खरा धोका आहे तो खाऱ्या वाऱ्याचा. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दाराच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके पालापाचोळ्याने बुजली, की पावसाळ्यात पत्रा आतून गंजत जातो. वरचा रंग शाबूत दिसतो, पण बोटाने दाबताच कड पापडासारखी मोडते. अशी कड हाताने ठोकून नव्याने बसवणारे कारागीर पुढे किती उरतील, ही काळजी मला मालकांच्या वयापेक्षा मोठी वाटते.