फोटो फिनिश

फोटो फिनिश : दोन किंवा अधिक स्पर्धक जवळजवळ एकाच वेळी अंतिम रेषा ओलांडतात आणि त्यांचा क्रम नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, तेव्हा छायाचित्र पाहून निकाल देण्याची पद्धत, तसेच अशा रीतीने निकाली निघालेली शर्यत. चुरशीच्या लढतीसाठी इंग्रजीत जे जोडशब्द रूढ आहेत, त्यांतले बरेचसे घोड्यांच्या शर्यतींतून आले. ‘नेक अँड नेक’ म्हणजे दोन घोड्यांच्या माना एका रेषेत असणे. ‘डेड हीट’ म्हणजे पूर्ण बरोबरी : पूर्वी एकच शर्यत अनेक फेऱ्यांत धावली जाई, त्या फेरीला हीट म्हणत आणि बरोबरीत सुटलेली हीट बाद धरून पुन्हा धावावी लागे. फोटो फिनिश हा शब्द मात्र कॅमेरा शर्यतीच्या मैदानावर आल्यानंतरचा, म्हणजे विसाव्या शतकातला आहे.

या पद्धतीतले छायाचित्र एका क्षणाचे असते, हा समज फार पसरलेला असला तरी चुकीचा आहे. कॅमेऱ्याला उभी, अत्यंत अरुंद फट असते व ती अंतिम रेषेवर रोखलेली असते; जुन्या यंत्रात त्या फटीमागून फिल्म सरकत राही, तर आजचे अंकीय यंत्र तेवढ्याच रेषेच्या हजारो पट्ट्या दर सेकंदाला टिपून एकमेकींना जोडते. त्यामुळे चित्रातला प्रत्येक बिंदू अंतिम रेषेवरचाच असतो आणि डावीकडून उजवीकडे मोजायचे ते अंतर नसून वेळ असतो. रेषेवर पाऊल क्षणभर टेकले, तर ते चित्रात लांबट, विचित्र दिसते. शरीराचा कोणता भाग मोजायचा, हे खेळागणिक ठरलेले असते : घोड्याचे नाक, सायकलीच्या पुढच्या चाकाची कड, धावपटूचे धड. म्हणून धावपटूने पुढे काढलेल्या हाताचा वा डोक्याचा काहीच उपयोग होत नाही. छाती पुढे झोकण्याचा मात्र होतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या अंतिम शर्यतीनंतर अमेरिकेचा बार्नी यूएल आपणच जिंकलो, असे समजून आनंदाने नाचू लागला. छायाचित्राने त्याचाच सहकारी हॅरिसन डिलार्ड विजयी ठरवला. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळा शर्यतीतले कांस्यपदक ५५.४२ विरुद्ध ५५.४१ सेकंद अशा फरकाने हुकले. पॅरिसमध्ये २०२४ साली नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्प्सन या दोघांचीही वेळ ९.७९ सेकंद नोंदली गेली, पण सहस्रांशापर्यंत पाहता ती अनुक्रमे ९.७८४ व ९.७८९ होती आणि सुवर्णपदक लाइल्सला मिळाले. कॅमेऱ्यालाही काही वेळा फरक सापडत नाही. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट मैदानावरील कार्टर हँडिकॅप शर्यतीत ब्राउनी, बॉस्युए आणि वेट अ बिट हे तीन घोडे एकत्र विजेते ठरले.

जलतरणात निकाल स्पर्शफलकावरून, म्हणजे जलतरणपटू शेवटी हात लावतो त्या भिंतीवरच्या फलकावरून लागतो. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये गुन्नार लार्सनने टिम मकी याला ०.००२ सेकंदाने हरवले, तेव्हा इतक्या बारीक मोजमापाला अर्थ काय, असा वाद झाला. तेवढ्या वेळात पोहून होणाऱ्या अंतराहून मोठा फरक तलावाच्या दोन मार्गिकांच्या लांबीत असू शकतो. पुढे वेळ शतांशापर्यंतच धरण्याचे ठरले. त्याचाच परिणाम म्हणून २०१६ साली रिओत १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ल क्लो आणि लास्लो चेह या तिघांना रौप्यपदक देण्यात आले.

निवडणुकीच्या बातम्यांत फोटो फिनिश हा शब्द सैलपणे वापरला जातो. तेथे कॅमेऱ्याची जागा फेरमोजणी घेते आणि खरी डेड हीट झाली, तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच लागला.