सेप्सिस: व्याख्या बदलली, बोलणं तिथंच राहिलं

मराठीत ‘सेप्टिक’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. पायाला खिळा लागून पू झाला की ‘जखम सेप्टिक झाली’ म्हणतात. आयसीयूच्या दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक फोनवर सांगतात, ‘सेप्टिक अंगभर पसरलंय, रक्तात इन्फेक्शन गेलंय.’ यातला पहिला प्रकार म्हणजे नुसता जागच्या जागी असलेला जंतुसंसर्ग. दुसरं वाक्य सत्याच्या जवळ जातं, पण ते शंभर वर्षांपूर्वीच्या व्याख्येतलं आहे. म्हणूनच ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘वाढ नाही’ असं आलं की घरचे बुचकळ्यात पडतात: रक्तात जंतूच नाहीत, मग सेप्सिस कसला? खरं तर सेप्सिसच्या निम्म्याहून अधिक पेशंटांच्या कल्चरमध्ये काही वाढत नाही.

‘सेप्सिस’ हा ग्रीक शब्द, अर्थ सडणं किंवा कुजणं. पुढची दोन हजार वर्षं कुजकी हवा, बिघडलेले रस असेच खुलासे होत राहिले. गाडी खऱ्या अर्थाने हलली ती १८४७ साली व्हिएन्नात.

तिथल्या जनरल हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचं प्रमाण कितीतरी जास्त होतं; एप्रिल १८४७ मध्ये तर शंभरातल्या अठरा गेल्या. इग्नाझ सेमेलवाइस हे तिथले सहायक डॉक्टर. त्यांना उत्तर सापडलं ते एका मित्राच्या मृत्यूत. याकोब कोलेच्का या प्राध्यापकांच्या बोटाला शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातची सुरी लागली आणि ते काही दिवसांत गेले. त्यांच्या विच्छेदनात छातीत, पोटात, मेंदूच्या आवरणात तसाच पू आणि तशीच सूज दिसली, जशी मेलेल्या बाळंतिणींत दिसायची. बाळंतपणाशी काडीचा संबंध नसलेल्या पुरुषाला बाळंतज्वर झाला होता! विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. मेच्या मध्यापासून सेमेलवाइसनी क्लोरिनच्या चुन्याच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. जूनमध्ये मृत्यूचं प्रमाण २.२ टक्क्यांवर आलं. हाताला काय चिकटतं हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं, आणि वरिष्ठांना ते पटलं नाही. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात जखम चिघळून ते वारले.

१८६७ साली जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडच्या पट्ट्यांचे निष्कर्ष छापले, १८७९ मध्ये पाश्चरने बाळंतज्वरातला साखळीसारखा जंतू दाखवला. मग १९१४ मध्ये जर्मनीच्या ह्यूगो शॉटम्युलरने व्याख्या बांधली: शरीरात जंतूंचं एक केंद्र तयार होतं, तिथून जंतू सतत किंवा थांबून थांबून रक्तात उतरतात आणि त्यातून लक्षणं दिसतात. ‘रक्तात इन्फेक्शन’ हे आपलं बोलणं याच वळणाचं. केंद्र शोधून ते काढून टाका, हा त्यातला भाग आजही शंभर टक्के खरा आहे.

व्याख्या अपुरी असल्याची खूण तिच्या आधीच हाती आली होती. बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या संस्थेत रिचर्ड फायफरने १८९२ मध्ये पाहिलं की उष्णतेने मारलेले कॉलऱ्याचे जंतूही गिनीपिगला मारतात. विष जंतूच्या अंगातच होतं. त्याला एंडोटॉक्सिन हे नाव पडलं. पुढे पेनिसिलिन आलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाला ते पहिल्यांदा नीट देऊन पाहिलं. चेहऱ्यावरून सुरू झालेल्या संसर्गात त्याचा एक डोळा गेला होता. पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा टोचत होते. साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. औषध पुरेसं मिळू लागल्यावर दुसराच प्रश्न उभा राहिला: जंतू मेले तरी काही पेशंट का जातात?

उत्तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेत आहे. जंतूंची चाहूल लागताच पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात. हे बेताने झालं तर जखम भरते. बेताल झालं तर बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतींतून पाणी झिरपतं, रक्तदाब कोसळतो. त्याच वेळी जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होऊन प्लेटलेट खर्ची पडतात. मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांना रक्त आणि प्राणवायू पुरत नाही, आलेला प्राणवायूही पेशींना नीट वापरता येत नाही. एंडोटॉक्सिन ओळखणारं पेशीवरचं कुलूप १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलरला सापडलं आणि ३ ऑक्टोबर २०११ ला त्यासाठी नोबेल जाहीर झालं. त्याच महिन्यात झायग्रिस हे सेप्सिसवरचं बहुचर्चित महागडं औषध बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण नव्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. प्रतिक्रिया समजली म्हणून ती थोपवता येते असं नाही, हे त्या एका महिन्यात लख्ख दिसलं.

व्याख्येचं पुढचं पाऊल १९९१ चं, शिकागोच्या परिषदेतलं. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. यातल्या दोन खुणा आणि संसर्ग असला की सेप्सिस. मोजायला सोपं, पण जाळं फार मोठं. साध्या फ्लूचा पेशंटही त्यात सहज बसायचा. २०१६ मध्ये ही मोजणी मागे पडली. आजची व्याख्या अशी: संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे एखाद्या अवयवाचं काम जिवावर बेतेल इतकं ढासळणं. त्यासाठी फुप्फुस, प्लेटलेट, यकृत, रक्तदाब, मेंदू, मूत्रपिंड या सहांना गुण देतात आणि बेरीज दोनने वाढली की सेप्सिस धरतात. सलाइन पुरेसं देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागत असेल आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना प्राणवायू नीट न पोचल्याची खूण) २ च्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. अशा पेशंटांत मृत्यू ४० टक्क्यांहून अधिक.

या व्याख्येत रक्तातल्या जंतूंचा उल्लेखच नाही. जंतू, विषाणू, बुरशी, मलेरियाचा परजीवी, काहीही कारण चालतं. सुरुवात बहुधा न्यूमोनियातून होते. त्याखालोखाल पोट, लघवीचा मार्ग, त्वचा. मधुमेह्याच्या पायाची जखम आणि बाळंतपणानंतरचा संसर्ग आपल्याकडे विसरून चालत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लेप्टोस्पायरोसिसही हेच रूप घेऊन येतो.

तापाची वाट पाहणं ही घरी होणारी सर्वांत महागडी चूक. म्हातारी माणसं, मधुमेही, स्टेरॉइड घेणारे यांना ताप येईलच असं नाही. अंग उलट गार पडतं. त्यापेक्षा हे पाहा: काल नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलतात किंवा झोपेतून उठत नाहीत, मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, दिवसभरात लघवीच नाही, हातपाय गार आणि कातडीवर जाळीदार डाग. संसर्गाची शंका आणि यातलं काही एकत्र दिसलं तर सकाळची ओपीडी नको, रात्रीच कॅज्युअल्टी गाठायची.

उपचारांत घड्याळ आलं ते २००१ नंतर. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलात इमॅन्युएल रिव्हर्स यांनी पहिल्या सहा तासांचं काटेकोर वेळापत्रक पाळलं; मृत्यू ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर आले. २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि ब्रिटन इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत त्या वेळापत्रकाचा वेगळा फायदा दिसला नाही. याचा अर्थ घाई निरुपयोगी असा काढणारे चुकतात. मधल्या काळात सगळीकडचे नेहमीचे उपचारच लवकर होऊ लागले होते. २००६ मध्ये आनंद कुमार यांच्या अभ्यासात दिसलं की शॉकमध्ये रक्तदाब पडल्यापासून योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या दर तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते.

आजचा क्रम असा. लॅक्टेटसाठी रक्त आणि दोन वेगळ्या जागांहून ब्लड कल्चर. मोठ्या माणसाला एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त. इथेच घोळ होतो: रक्त कमी भरतात, कातडी नीट पुसत नाहीत (मग कातडीवरचाच जंतू वाढतो), किंवा आधीच दोन दिवस गोळ्या झालेल्या असतात. कल्चरनंतर, पण कल्चरसाठी अडून न राहता, अँटिबायोटिक: शॉक असेल तर तासाभरात, शॉक नसून निदान संशयित असेल तर तपास करून तीन तासांच्या आत. रक्तदाब पडला असेल किंवा लॅक्टेट वाढलं असेल तर किलोमागे ३० मिली सलाइन, शक्यतो रिंगर लॅक्टेट, पहिल्या तीन तासांत. ६० किलोच्या माणसाला १,८०० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीनहून थोड्या अधिक बाटल्या. तरी दाब येत नसेल तर नॉरॲड्रेनॅलिन हे दाब वाढवणारं औषध, आणि सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट न पाहता हाताच्या शिरेतूनही. त्याची गरज वाढतच राहिली तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिवसाला २०० मिलिग्रॅम. लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली उतरायला हवी. आणि शॉटम्युलरचं केंद्र: गळू फोडा, तुंबलेल्या मूत्रपिंडाला वाट करून द्या, सडका भाग काढा. हे राहिलं तर अँटिबायोटिक बदलत बसण्याचा उपयोग नाही.

सलाइनबद्दल मात्र जपून. २०११ मध्ये केनिया, युगांडा, टांझानियातल्या तीन हजारांवर तापाच्या मुलांमध्ये झटपट सलाइन दिलेली मुलं जास्त दगावली. व्हेंटिलेटर हाताशी नसलेल्या ठिकाणी मोठ्या इस्पितळाचा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीनंतर छाती ऐकायची आणि बोटाचं टोक दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत गुलाबी होतं का ते पाहायचं.

साधनं नसलेल्या जागी काय करता येतं, याचं आपलं उदाहरण गडचिरोलीचं. ‘सर्च’ या तिथल्या संस्थेत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले. आधी नीट रडणारं बाळ क्षीण रडू लागलं, चोखणं मंदावलं किंवा थांबलं, बाळ सुस्त पडलं, आईला अंग गार लागलं, श्वास ६० किंवा अधिक; अशा खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की सेप्सिस धरायचा आणि आईवडील दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्झाझोलचं औषध द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आकड्यांनुसार सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले.

ती दोन औषधं तेव्हा त्या गावांत लागू पडत होती. दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांत जन्मलेल्या बाळांचा २०१६ मध्ये छापलेला अभ्यास वेगळं चित्र दाखवतो: सेप्सिसला कारण झालेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर पहिला, आणि त्यातला ८२ टक्के बहुऔषधरोधक. दोन तृतीयांश घटना जन्मानंतरच्या ७२ तासांच्या आतल्या. म्हणजे पहिला डोस अंदाजाने देताना त्याच वॉर्डाचे गेल्या सहा महिन्यांचे कल्चर रिपोर्ट समोर हवेत, आणि दोन-तीन दिवसांनी या पेशंटचा रिपोर्ट आला की जड औषध उतरवून हलकं लावायला हवं.