भीती नाकाला धार लावते

माणसाचं नाक अधू, खरं नाक कुत्र्याचं, असं आपण सर्रास म्हणतो. पण नाकाची पारख जन्मतः ठरून गेलेली नसते. विजेचे काही सौम्य झटके तिला एका बैठकीत धार लावू शकतात, हे मेंदूशास्त्रज्ञ वेन ली, जे गॉटफ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं.

त्यांनी घेतलेले रेणू होते आरशातल्या जोड्या. डाव्या-उजव्या हातासारखे: अणू तेच, बंध तेच, फक्त मांडणी उलट. कार्व्होन या गंधद्रव्याची अशी दोन रूपं नाकाला सहज वेगळी कळतात. 2-ब्युटेनॉल या अल्कोहोलची मात्र हुंगणाऱ्यांना एकच वाटली.

चाचणी तीन बाटल्यांची. दोनांत एकच रूप, तिसरीत त्याचं प्रतिबिंब; वेगळी बाटली ओळखायची. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून 33 टक्के म्हणजे काहीच न कळणं. सुरुवातीला सरासरी निकाल तिथेच होता. मग एका रूपाच्या वासाबरोबर झटका दिला, त्याच्या प्रतिबिंबाबरोबर नाही. पुन्हा त्याच बाटल्या दिल्या, तर वेगळी बाटली ओळखू येऊ लागली!

अशी चाचणी फसते ती बारीकसारीक गोष्टींत. एका बाटलीत द्रावण किंचित तीव्र असलं, तर माणूस वास नव्हे, तीव्रता ओळखतो. भेसळीचा अंश उरला तरी तेच. लागोपाठ हुंगलं की नाक थकतं, म्हणून मध्ये विश्रांती हवी. आणि सरावाचं काय? त्यासाठी झटक्याविना दुसरी जोडी ठेवली होती; तिच्यात सुधारणा झाली नाही. धार आली ती त्या एकाच जोडीपुरती. ‘हा अर्क हुंगा, मेंदू तल्लख होईल’ म्हणणाऱ्या जाहिरातींनी हे नीट वाचावं.

मेंदूत काय बदललं? वासाचा संदेश घ्राणकंदातून (नाकाकडून येणारा संदेश मेंदूत जिथे पहिल्यांदा पोहोचतो तो भाग) थेट पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागात, जातो. तिथे प्रत्येक वासाला ठरलेली जागा नसते. विखुरलेल्या चेतापेशींचा एक आकृतिबंध उमटतो. एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दाखवणारी तपासणी) दोन्ही रूपांचे आकृतिबंध आधी जवळपास एकावर एक बसत होते. झटक्यांनंतर ते एकमेकांपासून दूर सरकले. रेणू तेच होते, मेंदूतली त्यांची नोंद फुटून दोन झाली.

उंदरांत तर बदल वासाच्या वाटेवर याच्याही आधीच्या टप्प्यावर दिसतो. 2013 च्या एका प्रयोगात, झटक्याशी जोडलेल्या वासाला नाकातून येणाऱ्या चेतातंतूंची टोकं घ्राणकंदात जास्त चेतारसायन सोडू लागली. म्हणजे भीतीची खूण अगदी पहिल्याच जोडणीवर उमटली होती.